प्लेगकालीन समुदायजीवन : मुंबई आणि पुणे, इ. स. १८९६ ते १८९९

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांना काही रोग्यांच्या अंगी तीव्र ज्वर आणि जांघेत वा काखेत गाठ ही लक्षणे आढळली. हा रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय, असे त्यांनी म्युनिसिपालिटीस निःसंदिग्धपणे कळविले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये उसळलेली साथ अशा रीतीने पश्चिम हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागली. आणि पुढील दोन दशकांत तिने या देशातील एक कोटीहून अधिक माणसे नेली.

या साथीचा जो इतिहास मराठी वाचकांस परिचित आहे, तो बहुतांशी राजकीय इतिहास आहे. १८९७ चा साथरोगांचा कायदा, पुण्यातील घरझडत्या, २२ जून १८९७ च्या रात्री रँड व आयर्स्ट यांच्यावर झालेला हल्ला, चापेकर बंधूंस झालेली फाशी आणि लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला, हे त्या इतिहासाचे टप्पे होत. त्यात एका बाजूस सरकार उभे आहे व दुसऱ्या बाजूस प्रक्षुब्ध जनता. परंतु ‘जनता’ नावाची एकजिनसी वस्तू त्या काळी मुंबईत वा पुण्यात नव्हती. प्लेगच्या दिवसांत मनुष्य ज्याच्या आधाराने उभा राहिला, तो जमात, जातीचे पंच, चर्चचा परगणा, एखादा समाज किंवा आश्रम यांचा होता. एकत्र प्रार्थना करणारे, एका पंगतीस बसणारे आणि एकमेकांच्या प्रेतास खांदा देणारे, अशा माणसांच्या या मंडळ्या होत्या. साथीच्या काळात या मंडळ्यांचे काय झाले, त्यांनी आपल्या माणसांस काय दिले आणि कोणास दिले नाही, हा प्रश्न त्या राजकीय इतिहासाहून कमी महत्त्वाचा नाही.

सरकारच्या दृष्टीने समुदाय हा आरंभी केवळ एक जमाव होता, आणि जमाव म्हणजे संसर्ग. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी जाहीरनामा काढून रोग्यांस सक्तीने रुग्णालयात नेण्याचा व घरे मोकळी करविण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या कायद्याने सरकारास याहून पुष्कळच व्यापक सत्ता मिळाली. प्रवासी उतरवून तपासणे, जत्रा व यात्रा बंद करणे, घरे पाडणे, संशयितांस छावण्यांत ठेवणे, या सर्व गोष्टी तिच्या कक्षेत येत होत्या. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबविण्यात आली. युरोपातील राष्ट्रे हिंदुस्थानातील मालावर व उतारूंवर बंदी घालतील हे भय त्यामागे होते, व ते निराधार नव्हते; व्हेनिस येथे १८९७ मध्ये भरलेली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद याच कारणाने भरली होती. तथापि वर्षानुवर्षे पैसा पैसा साठवून मक्केचा मार्ग धरणाऱ्या मनुष्यास त्या परिषदेशी कर्तव्य नव्हते. ज्या वर्षी मृत्यू दाराशी उभा होता, नेमक्या त्याच वर्षी त्याची यात्रा अडविली गेली, एवढेच त्याला दिसले.

येथे एक शास्त्रीय बाब ध्यानात घेतली पाहिजे. गाठीचा प्लेग मनुष्याकडून मनुष्याकडे सहसा जात नाही; तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरतो. सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये ही उपपत्ती मांडली, परंतु तिला मान्यता मिळण्यास १९०५ नंतर मुंबईत परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन मंडळाचे प्रयोग व्हावे लागले. मांडवीतील धान्याच्या वखारी हेच रोगाचे खरे माहेरघर होते. म्हणजे १८९६-९७ मध्ये प्रार्थनेस, अंत्ययात्रेस वा जत्रेस जमलेल्या माणसांवर जो रोख धरला गेला, तो बऱ्याच अंशी चुकीच्या ठिकाणी होता. अधिकाऱ्यांस याबद्दल दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण त्या वेळचे शास्त्रच तेवढे होते; पण ज्यांच्यावर हा रोख धरला गेला त्यांस तो अन्याय वाटला, आणि त्या वाटण्यास आता शास्त्राचाही आधार आहे.

लोकांच्या मनातील सर्वांत मोठी धास्ती मात्र यात्राबंदीची नव्हती, रुग्णालयाची होती. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस मुंबईतील गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला चढविला. तेथे माणसांस मारून टाकतात, त्यांच्या अंगातून औषधी द्रव्य काढतात, अशा नाना वदंता शहरात पसरल्या होत्या. सरकारी अहवालांनी या हल्ल्याचे खापर अज्ञानावर फोडले. डेव्हिड अर्नोल्ड यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या वदंतांचा वेगळ्या रीतीने विचार केला असून, परकीय सत्तेने देहावर सांगितलेल्या हक्कास दिलेले ते उत्तर होते असे दाखविले आहे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९२ च्या निबंधात याला पुरवणी जोडली : प्लेगच्या भीतीने जनतेइतकेच सरकारासही ग्रासले होते, आणि लोकांचा विरोध औषधाला नसून विशिष्ट उपायांच्या विशिष्ट अंमलबजावणीला होता.

या दोन्ही विवेचनांत तथ्य आहे. परंतु देह व सत्ता यांच्या या चर्चेत एक साधी गोष्ट काहीशी मागे पडते. रुग्णालयात नेलेला मनुष्य एकटा मरत असे. त्याच्या मुखात पाणी घालणारे हात परक्याचे असत. त्याचे अन्न कोणी शिजविले हे त्याला ठाऊक नसे. त्याच्या मृत्यूनंतर त्याचे संस्कार कोण व कसे करील याची शाश्वती नसे. मराठी मनुष्याच्या मनात मरणाची जी कल्पना आहे, तीत खांदा देण्यास चार माणसे असणे ही गोष्ट अत्यंत मूलभूत आहे. ज्यास चार खांदेकरीही मिळाले नाहीत, त्याचे जिणेच व्यर्थ गेले असे समजतात. मृत्यूहून अशा मृत्यूचे भय मोठे होते. आणि औषधाच्या नावाने रुग्णालयापाशी तरी काय होते? प्लेगवर गुणकारी औषध तेव्हा अस्तित्वातच नव्हते. ते पुढे १९४० च्या दशकात हाती आले. रुग्णालयात गेलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक रोगी दगावत. शुश्रूषा, पाणी, स्वच्छ हवा व कोणी तरी उशाशी बसणे, एवढाच उपचार होता, आणि तो आप्तांच्या हातून अधिक चांगला होतो असे लोकांस वाटले तर त्यात अज्ञान ते कोणते?

शहरातून झालेल्या महापलायनाकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत यांतील सुमारे पावणेचार लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेले असा अंदाज आहे. कोकणातले बोटीने गेले, घाटावरचे रेल्वेने वा पायी गेले, आणि त्यांतील काही जण रोगही बरोबर घेऊन गेले. भित्रेपणाने पळाले, असे याचे वर्णन तत्कालीन इंग्रजी पत्रांनी केले. परंतु गिरणी कामगाराचा समुदाय मुंबईत नव्हताच. तो रत्नागिरीत वा साताऱ्यात होता. चाळीतील गाववाल्यांची खोली ही त्याची एक छोटी शाखा, एवढेच. मृत्यूपासून पळणे आणि आपल्या माणसांत जाऊन मरणे या दोन्ही प्रेरणा त्या पलायनात मिसळलेल्या होत्या.

५ मार्च १८९७ रोजी मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि सरकारच्या धोरणात एक महत्त्वाचा फरक हळूहळू दिसू लागला. समुदायाला टाळून साथ आटोक्यात येणार नाही हे कमिटीस उमगले. पारशी, जैन, खोजा, मेमण इत्यादी समाजांनी आपापली स्वतंत्र रुग्णालये उघडली व सरकारने त्यांस मान्यता दिली. जातीचे वा जमातीचे रुग्णालय म्हणजे आपला वैद्य वा डॉक्टर, आपला आचारी, आपल्या पद्धतीचे अन्न, नातलगांस येण्याजाण्याची मोकळीक आणि मृत्यू आलाच तर आपले संस्कार. ज्या घरातून रोगी लपविला जात होता, त्याच घरातून तो अशा रुग्णालयात आपण होऊन आणला जाऊ लागला.

गॅटॅकर यांच्यानंतर या कमिटीचे अध्यक्षपद जेम्स मॅकनॅब कॅम्बेल यांच्याकडे आले. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकास हे नाव नवे नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक ते हेच. इलाख्यातील प्रत्येक जातीचा आहार, पेहराव, विवाहविधी व अंत्यविधी ज्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करून छापविले, त्याच अधिकाऱ्याच्या हाती साथ आवरण्याचे काम आले, हा योगायोग खरा. परंतु तो अर्थपूर्ण योगायोग आहे. गॅझेटियरमध्ये समाजाची जी कप्पेबंद मांडणी आहे, तीच आता रुग्णालयांच्या व आरोग्य छावण्यांच्या रचनेत उतरली. जातीच्या पुढाऱ्यास बोलावावे, त्याच्यावर आपल्या लोकांची जबाबदारी टाकावी, त्याच्यामार्फत आज्ञा खाली पोचवावी, ही पद्धत कार्यक्षम ठरली यात संशय नाही. पण तिने पुढाऱ्यांचे वजन वाढविले आणि कप्प्यांच्या भिंतीही जाड केल्या. ज्याला पुढारी नाही, ज्याच्या जातीपाशी जागा व पैसा नाही, त्याच्यासाठी आर्थर रोडच उरला.

समुदायाने साथीच्या काळात काय साधता येते याचे सर्वांत ठळक उदाहरण खोजा इस्माइली जमातीचे आहे. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लस अशी सिद्ध झाली, पण ती घेणार कोण? सुईतून विष घालतात, धर्म बाटवितात, ही वदंता रुग्णालयाविषयीच्या वदंतांच्या पाठोपाठ आलीच. गोऱ्या अधिकाऱ्याने कितीही ग्वाही दिली तरी ती व्यर्थ होती, कारण ग्वाही कोणाच्या तोंडून येते यावर तिचे मोल ठरते.

त्या वेळी आगाखान तिसरे सुलतान महंमद शाह हे विशीच्या उंबरठ्यावर होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्यांनी या प्रसंगाची हकीगत दिली आहे. आपल्या अनुयायांत रोग पसरत आहे आणि ते लशीस तयार नाहीत हे पाहून त्यांनी लोकांच्या देखत स्वतःस लस टोचून घेतली, आणि ती बातमी सर्वत्र पोचेल अशी व्यवस्था केली. इमामास काही अपाय झाला नाही हे जमातीने डोळ्यांनी पाहिले. त्यांनी हाफकिन यांस प्रयोगशाळेसाठी माझगाव येथील आपला ‘खुश्रू लॉज’ हा बंगलाही दिला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये जाईपर्यंत ती प्रयोगशाळा तेथे होती. हजारो खोजांनी लस घेतली. टोचून घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच समाजात, एकाच राहणीत असल्याने हाफकिन यांस दोहोंच्या मृत्यूंची तुलना करता आली, आणि लशीच्या उपयुक्ततेचा एक भक्कम पुरावा या जमातीने शास्त्रास पुरविला.

ही हकीगत बहुधा एका पुरोगामी धर्मगुरूच्या दूरदृष्टीची म्हणून सांगितली जाते. ते खरेच आहे, पण अपुरे आहे. आगाखानांनी आज्ञा काढली असती तर कदाचित ती पाळली गेली असती, कदाचित नसती. त्यांनी आज्ञेच्या आधी आपला दंड पुढे केला. शिवाय जी जमात नित्य जमातखान्यात एकत्र येते, जिच्यात कोणाच्या घरी काय चालले आहे हे सर्वांस कळते, तिच्यात उदाहरण वणव्याच्या वेगाने पसरते. रोज संध्याकाळी शेजारी बसणारा मनुष्य लस टोचून घेऊन आठ दिवसांनीही धडधाकट दिसतो, हा पुरावा कोणत्याही तक्त्याहून बलवान असतो. प्लेगच्या त्या दिवसांत आशा असे जिला म्हणता येईल, ती प्रार्थनेच्या शब्दांत होती तितकीच या शेजारी बसण्यात होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही मुंबईनेच दिले. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीची तपासणी करण्यास अधिकारी गेले असता उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या या मुसलमान विणकरांनी प्रतिकार केला. दंगा भडकला, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंस माणसे मेली. जुलाह्यांमध्ये एकोपा खोजांहून कमी नव्हता. किंबहुना त्या दिवशी तो फार प्रखरपणे प्रकट झाला. उणीव होती ती दुव्याची. म्युनिसिपालिटीच्या सभागृहात, कमिटीच्या बैठकीत, इस्पितळाच्या दारात त्यांच्या वतीने बोलणारा, आणि तेथील गोष्ट त्यांच्या भाषेत त्यांस समजावणारा कोणी नव्हता. दंग्यानंतर सक्ती पुष्कळ सैल झाली.

ख्रिस्ती वस्त्यांत समुदायजीवनाने आणखी एक रूप घेतले. गिरगाव, वांद्रे आदी भागांतील जुन्या कॅथलिक गावठाणांत, विशेषतः मराठी बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन लोकांच्या आळ्यांत, रस्त्याच्या कडेस उभारलेले दगडी क्रूस आजही दिसतात. त्यांतील अनेक प्लेगच्या वर्षांत उभे राहिले. रोगनिवारक म्हणून युरोपात मध्ययुगापासून पुजला गेलेला संत रोक याचे स्मरणही त्यांशी निगडित आहे. आळीतील माणसे सायंकाळी क्रुसापाशी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणत. चर्चची उपासना उघड्यावर, दारापाशी आली. महाराष्ट्राच्या खेड्यांत पटकीच्या वेळी मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची जी चाल होती, तिच्याशी याचे सादृश्य जाणवते : रोग ही एका घरावर आलेली आपत्ती नसून सबंध वस्तीवर आलेली आहे आणि तिला सबंध वस्तीने सामोरे गेले पाहिजे, ही भावना दोहोंच्या मुळाशी आहे.

पुण्याचा वृत्तांत अधिक कटू आहे. रँड यांच्या अध्यक्षतेखालील कमिटीने मार्चच्या मध्यापासून मे १८९७ पर्यंत गोऱ्या सोजिरांकरवी घरे झडतली. माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात सोजिरांचे बूट शिरले. पुण्यातील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थ आधीच शहर सोडून गेले होते. लोकमान्य टिळक राहिले, त्यांनी पळून जाणाऱ्या पुढाऱ्यांचा ‘केसरी’तून समाचार घेतला, आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय काढण्याच्या कामी पुढाकार घेतला. मुंबईतील जातिनिहाय रुग्णालयांचेच हे पुणेरी रूप होते. याच प्लेगने पुढे १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ यास नेले.

परंतु पुण्यात या झडत्या सुरू होण्याच्या सुमारासच, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने अंत झाला होता. जोतीरावांच्या निधनानंतर, म्हणजे १८९० पासून, सत्यशोधक समाजाचे पुढारीपण त्यांच्याकडे होते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः तेथे रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले व त्यातच त्यांना संसर्ग झाला, अशी हकीगत परंपरेने सांगितली जाते. त्यांच्याआधी महिनाभर, फेब्रुवारीत, मुंबईत याच समाजाचे कार्यकर्ते, गिरणी कामगारांचे नेते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगने गेले होते. एका लहान समाजाने काही आठवड्यांच्या अंतराने आपली दोन सर्वांत वजनदार माणसे गमावली.

सत्यशोधक समाज १८७३ मध्ये स्थापन झाला तो पुरोहिताची मध्यस्थी नाकारणाऱ्या उपासनेसाठी व संस्कारांसाठी. म्हणजे तोही एक धार्मिक समुदायच होता. तथापि जैन वा पारशी रुग्णालय आणि माळावरील हा दवाखाना यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात रोगी आपला आहे म्हणून आत घेतला जातो. दुसऱ्यात आत घेतला म्हणून तो आपला होतो. प्लेगच्या काळातील समुदायजीवनाचे कोणतेही मूल्यमापन या भेदापाशी येऊन थांबल्यावाचून राहत नाही. महारवाड्यातील त्या मुलास शहरातील कोणत्या जातीच्या रुग्णालयाने दार उघडले असते?

पंडिता रमाबाई यांच्या वृत्तांतही हाच भेद निराळ्या मार्गाने समोर येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी निराधार स्त्रिया व मुली मोठ्या संख्येने आणल्या. परंतु पुण्याच्या शारदासदनात एवढ्या जणींस ठेवण्यास प्लेगच्या नियमांमुळे मनाई झाली. तेव्हा त्यांस केडगाव येथील शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारून नेण्यात आले, आणि त्या वसाहतीतून ‘मुक्ति’ हे नाव धारण करणारी संस्था व तिचे ख्रिस्ती उपासक मंडळ आकारास आले. आपल्या आश्रमातील एका आजारी मुलीस पुण्याच्या प्लेग रुग्णालयात नेल्यानंतर तिची जी परवड झाली, तिच्याविषयी रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बाँबे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहून सरकारी व्यवस्थेवर कडक टीका केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ती अतिरंजित म्हणून फेटाळून लावली. ना. गोखले यांस इंग्लंडमध्ये केलेल्या तत्सम आरोपांबद्दल पुराव्याअभावी माफी मागावी लागली, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. रमाबाईंनी मात्र आपले म्हणणे मागे घेतले नाही. ज्या मुलींस जात, घर, आप्त यांपैकी काहीच उरले नव्हते, त्यांच्यापैकी एकीसाठी एखादी संस्था गव्हर्नराशी भांडते, ही गोष्टच त्या मुलींच्या दृष्टीने नवी होती. या संस्थेने धर्मांतराचे कार्य केले म्हणून तिच्यावर त्या काळी व नंतरही टीका झाली. ती चर्चा स्वतंत्र आहे. आश्रय व उपासना या दोन गोष्टी केडगावात एकमेकींपासून वेगळ्या करता येत नव्हत्या, एवढे येथे नमूद करणे पुरे.

प्लेगच्या अनुभवावरून सर्व साथींविषयी एकच नियम काढणे मात्र धोक्याचे आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझामध्ये रोग श्वासावाटे पसरत होता. तेथे उशाशी बसणे, अंत्ययात्रेस जाणे, प्रार्थनेस जमणे यांनी खरोखरच मृत्यू वाढविला असणार. २०२० मध्ये आषाढीची पायी वारी थांबवून ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. त्या निर्णयास वारकऱ्यांनी दुःखाने का होईना पण संमती दिली, आणि तो निर्णय १८९७ च्या यात्राबंदीहून शास्त्रीय दृष्ट्या पुष्कळच अधिक समर्थनीय होता. त्यात पालखी सोहळ्याच्या प्रमुखांशी आधी विचारविनिमय झाला, हाही फरक लहान नाही.

१८९९ नंतर प्लेग दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास परत येऊ लागला, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांनी त्याच्याशी वागण्याची एक रीत बसविली. घरात उंदीर पडू लागले की अख्खे गाव घरे सोडून रानात, माळावर झोपड्या बांधून राहावयास जाई, आणि उन्हाळ्यात साथ ओसरली की परत येई. उंदीर आणि पिसवा यांचा संबंध परळच्या प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वीच ही चाल पुष्कळ ठिकाणी रूढ झालेली होती. एकट्या कुटुंबास रानात राहणे चोरांच्या व श्वापदांच्या भयाने कठीण. सबंध गाव निघाले तरच ते साधे. म्हणून कोणत्या दिवशी निघावयाचे हे गावाने मिळून ठरवावे लागे.